रंग जाईल ना!

मुलाचा दाखला आणायला शाळेत गेले होते. हेडसर जेवायला गेलेले, म्हणून पहिलीच्या वर्गाच्या दाराशी उभी राहिले. फरशीवर ऑइलपेंटने आकड्यांचा लांबलचक साप काढला होता. भिंतीवर ठळक अक्षरं होती : मूल पाहून शिकतं, मूल करून शिकतं. मुलं मात्र पाय पोटाशी घेऊन भिंतीला चिकटून बसली होती. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते, तोवर रंग नवा दिसायला हवा होता.

एका मुलीला राहवलं नाही. सापाच्या शेपटीवरून ती उड्या मारत निघाली, "एक, दोन, तीन..." सातावर बाईंनी तिचा दंड धरला आणि पाठीत धपाटा घातला. "डोळे फुटले का गं? रंग जाईल ना!"

मूल कसं शिकतं यावर शहाण्यासुरत्या माणसांनी जन्म घालवले. वाढीचे टप्पे पाडले, खेळाचं महत्त्व सांगितलं. बाईंनीही ते सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं असणार. मग आपण ते फरशीवर छान रंगवून घेतलं आणि मुलांना बजावलं, ह्याला पाय लावायचा नाही.

घंटा झाली. शेजारच्या बालवाडीतलं एक पोर दुडुदुडु धावत आलं ते थेट सापावर. त्याच मुलीने त्याचा दंड धरला, पाठीत धपाटा घातला आणि हुबेहूब बाईंच्या आवाजात ओरडली, "डोळे फुटले का रे? रंग जाईल ना!"

बाई कौतुकाने माझ्याकडे वळल्या. "बघा, एकदा दाखवलं की लगेच शिकतात."