कवडसे पुसणारा अंबरीष

आमचा अंबरीष डेटा साफ करतो. पुण्यात करायचा, गेली सहा वर्षं जपानमधल्या त्सुकुबात करतो, आणि घरीही त्याचं तेच. फोडणीतली मोहरी ओट्यावर उडाली तरी नवऱ्याच्या कपाळाला आठ्या. अशा माणसाला कुणी जंगल द्यावं का? पण एका संशोधन संस्थेने दिलं, उत्तरेतल्या होक्काइदोचं, फर आणि ओकच्या मिश्र झाडीचं. मोठ्या झाडांखालच्या रोपट्यांना किती ऊन मिळतं ते जमिनीवरचे सेन्सर मोजायचे आणि आकडे याच्याकडे यायचे.

आकडे दिवसभर शून्याच्या आसपास, आणि मध्येच एखादी उसळी, अर्ध्याएक मिनिटाची. अंबरीषने त्या उसळ्या सेन्सरचा बिघाड ठरवून सगळ्या पुसल्या. आलेख सपाट झाला, ऑफिसात कौतुक झालं. फक्त त्या आलेखाप्रमाणे रोपटी उपाशी मेलेली होती. मेलेली रोपटी उपटायची असा नियम, म्हणून उपटायचा दिवस ठरला. सुट्टी काढून मीही बरोबर गेले.

एकेचाळीस नंबरचं रोपटं गुडघ्याएवढं, हिरवंगार. अंबरीषचे साहेब सासाकी-सान यादी घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले.

"जिवंत दिसतंय खरं," ते नम्रपणे म्हणाले, "पण नोंदीत मृत आहे. जरा अवघड आहे."

दोन मजूर कुदळ घेऊन पुढे झाले. तेवढ्यात वरच्या फांद्या हलल्या आणि रोपट्यावर एक कवडसा पडला. अंबरीष घड्याळ बघत राहिला. अर्ध्या मिनिटात ऊन गेलं.

"अगं, हेच मी पुसत होतो," तो मला म्हणाला. "याला मिळतं ते एवढंच. पण आत्ता बोललो तर मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही."

"मग काय, उपटू द्यायचं?" माझा संताप झाला होता.

तो पुढे झाला. "चूक माझी आहे, सासाकी-सान. याचं ऊन मी काढून टाकलं."

कॉन्ट्रॅक्ट गेलं हे तिथेच कळलं, तरी मला त्याचा अभिमान वाटला. मजुरांनी कुदळ खाली ठेवली. सासाकी-सान गंभीर झाले. ज्याचं नुकसान झालं त्याची सगळ्यांनी मिळून माफी मागायची, ही त्यांच्या ऑफिसची पद्धत. आम्ही पाच जण ओळीत उभे राहिलो आणि त्या रोपट्यापुढे कमरेत वाकलो. मीसुद्धा, बायको म्हणून. चांगलं अर्धं मिनिट.

वाकलेली असतानाच माझी पाठ छान शेकली. सरळ झालो तोवर रोपट्याच्या वाट्याचं ऊन गेलं होतं.