दारातून येणारी भूक

प्लेगच्या साली अर्धं सुरत पळालं. आम्ही नवराबायको तिथेच, नवागामात राहिलो आणि जगलो. पुढच्या वर्षी बायको साध्या तापाने चार दिवसांत गेली. तेव्हापासून माझं पोट बिघडलं. खाल्लेलं छातीशी यायचं, पोट फुगायचं, झोप म्हणून नाही. गोळ्या झाल्या, चूर्णं झाली. शेवटी मुलाने पर्वत पाटियाजवळच्या एका वैद्याकडे नेलं.

वैद्य गुजराती, माझ्यापेक्षा बराच लहान. नाडी बघितली. मग म्हणाला, "काका, साची भूख लागे त्यारे ज खावानुं." म्हणजे खरी भूक लागेल तेव्हाच खायचं. वर कोमट पाणी प्यायचं, जेवणाआधी आल्याचा काप मीठ लावून चावायचा, झोपताना तळपायाला तिळाचं तेल चोळायचं. भूक ताळ्यावर आली की झोपही येईल.

मला सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुकेची वाट बघत बसलो. दुपार गेली. सून दोनदा ताट घेऊन आली.

"बाबा, जेवी ल्या ना आते."

"भूक लागू दे."

"तुमनी भूक काय भुसावळ पॅसेंजरमा बशीसन यी ऱ्हायनी का?"

एरवी हसलो असतो. दुसराही दिवस तसाच गेला. संध्याकाळी उठायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने वैद्याला शिव्या घातल्या आणि परत त्याच्याचकडे नेलं.

वैद्याने विचारलं, "काका, आधी भूक कधी लागायची?"

तेव्हा आठवलं. मी मागावर होतो त्या लूमच्या कारखान्यात एवढा खडखडाट, की माणूस तोंडाने बोलतच नाही, हाताने बोलतो. बायको डबा घेऊन दारात उभी राहायची. तिथूनच पाच बोटं जुळवून तोंडाशी न्यायची. जेवा. ते दिसलं की माझ्या पोटात आग पडायची. त्याच्या आधी नाही. एवढी वर्षं मी समजत होतो, भूक पोटातून येते.

"नाही आठवत," म्हटलं. सांगून तो कसला काढा देणार होता?

"मग वाट बघू नका. घड्याळाप्रमाणे खा. थोडं, गरम."

तसंच खातो. आलं जिभेला झोंबतं, पोटाला त्याचा पत्ता नसतो. अर्धी भाकरी जाते. आता छातीशी येत नाही, तेवढा फरक. तेलाची वाटी सून भरून ठेवते, पण उभ्याने काम करून गेलेले गुडघे वाकत नाहीत, तळपायाला हात पोचत नाही. झोप नाहीच.

जेवताना सून ओरडते, "भिंतकडे सरका बाबा, दारमाईन ताटमा धूळ येस."

येऊ दे. मी दाराकडे तोंड करूनच बसतो.