शेंदूर तीन शेर

चमत्कारांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही आहे असं म्हणणार नाही. मी एका संग्रहालयात नोंदी ठेवतो. वस्तू आली की मोजायची, तोलायची, रजिस्टरात उतरवायची – चौदा वर्षं हेच काम.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं साल. वाशीमकडे, जऊळक्याजवळच्या एका खेड्यातलं देऊळ पडलं आणि पाटलांनी तिथली देवी संग्रहालयाला दिली. आणायला मी गेलो. पूजा करणाऱ्या गुरवीण भागाबाईंनी एकच अट घातली.

"शेंदूर खरवडू नका, बाबू. तो आपल्या मनानं सुटते. सुटला तं आमाले आणून द्या, नदीत सोडा लागते. नाई सोडला तं त्या साली गावात घट बसत नाई."

अट मी यादीत सातव्या क्रमांकावर लिहून घेतली. जऊळका स्टेशनच्या मालधक्क्यावर मूर्ती तोलली... एक मण बारा शेर.

पुढे संग्रहालयाच्या साहेबांना शेंदराखालचं कोरीवकाम पाहायचं होतं. मी अट वाचून दाखवली. ते म्हणाले, देवी आता सरकारी आहे. मी खरवडला – चूक माझीच. थरांवर थर निघाले. तो चुरा तोलला, तीन शेर भरला. मग मूर्ती तोलली.

एक मण बारा शेर.

वजनं तपासली. अडत्याचा काटा मागवला. दुसऱ्या दोघांकडून तोलून घेतलं... तेच. साहेब म्हणाले, तुमची पहिली नोंद चुकली. बाराचे पंधरा करा आणि तो कचरा फेका.

यातलं काहीच करायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. नवरात्राला चार दिवस होते. रजेचा अर्ज दिला, फरशीच्या फटींतला चुरासुद्धा ब्रशने गोळा केला, फडक्यात बांधला आणि गाडीत बसलो.

भागाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. मी काही लपवलं नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आता किती भरते देवी?"

"होती तितकीच."

त्यांनी गाठोडं माझ्याकडे परत सरकवलं. "मंग तिचं काई गेलं नाई. हे तुमच्या हातचं हाय. तुमीच सोडा, अन् उपाशी सोडा."

"आणि घट?"

"बसतीन ना. तुमी पाण्यात तं उतरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी तो शेंदूर नदीत सोडला. त्या साली गावात घट बसले.

मूर्ती आमच्या दालनातच आहे. रजिस्टरात शेंदरासह एक नोंद, शेंदराविना एक, आणि दोन्हींत आकडा एकच. असं का, ते मला आजही सांगता येत नाही. पण आकडा खोडा म्हणणारा कुणी आला, की मी काटा त्याच्यापुढे ठेवतो.