नातीसाठी पाठ केलेले शब्द

मदन महल भागात आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. फाटकापाशी भेटले की कांगारूंवर येत. "नराले बूमर म्हणतात भाऊ, मादीले फ्लायर, अन् पिल्लू म्हणजे जोई. कोआलाचंही जोईच, अच्छा?" ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या नातीला मराठी येत नव्हतं आणि यांना इंग्रजी, म्हणून तिच्या आवडीचे एवढे शब्द त्यांनी पाठ केले होते.

एकदा माझ्यासमोरच तिचा फोन आला. स्पीकरवर ती बरंच बोलली. हे "जोई, जोई" म्हणत हसत राहिले.

फोन बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटी काय म्हणून राहिली होती?"

या आजोबांशी दर रविवारी बोलायलाच हवं का, असं ती आईला विचारत होती.

"पुढच्या रविवारी वॉम्बॅटबद्दल बोलू म्हणाली. तिकडचाच एक प्राणी आहे," मी सांगितलं.

त्यांनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला.