मागच्या आठवड्याचं बोला

बागुलभाऊ आमच्याकडे कधी खुर्चीवर बसले नाहीत. ओट्यावर उभे राहायचे, या पायावरून त्या पायावर व्हायचे, चहासुद्धा उभ्यानंच. जळगावात आमच्या गल्लीतली काही घरं सरकारी पाहणीला निवडली होती. कोण कामावर, कोण बेरोजगार, हे विचारायला ते महिन्यातून एकदा, असे चार महिने यायचे. माणूस शिंदखेड्याचा, कंत्राटावरचा. जुनं काही सांगायला लागलं की म्हणायचे, "ते राहू द्या अक्का, मागच्या आठवड्याचं बोला."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मी म्हातारी, काही करत नाही. सून घरीच असते." सून कमावते म्हटलं की लोक मुलाकडे बघतात, म्हणून आमच्याकडे असंच सांगायची रीत. त्यांनी अंगणात पाहिलं. लुगड्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत होते.

"हे बठ्ठं घरातच खाता का?"

"एवढं कोण खाणार? दुकानात देते."

"आणि पीठ हाटतं कोण?"

"सून."

"मग तुम्ही दोघी कामावर. आठवड्यात तासभर केलं तरी ते काम शे."

सत्तरी ओलांडल्यावर सरकारनं मला कामाला लावलं ते असं.

मग माझ्या मुलाची, प्रकाशची पाळी आली. चटईच्या कारखान्यातून त्याला कमी केलं होतं. तेव्हापासून तो आतल्या खोलीत खाटेवर पडून असायचा. फोन पोटावर, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "तो बेरोजगार. लिहा."

बागुलभाऊंनी बाहेरूनच विचारलं, "प्रकाशभाऊ, काम मिळालं तर जाणार का?"

"नको मला काही."

हातातल्या टॅबवरचं त्यांचं बोट थांबलं. "अक्का, हा बेरोजगारांत बसत नाही."

"का? हातीपायी धड आहे, काम नाही, आणखी काय पाहिजे?"

"काम हवं, असं म्हणावं लागतं. नको म्हणणारा कामकऱ्यांत नाही आणि बेरोजगारांतही नाही. तो मोजणीच्या बाहेर."

माझं डोकं फिरलं. बेरोजगार म्हणवून घ्यायलाही लायकी लागते की काय! पण रात्रभर तोच शब्द टोचत राहिला. बाहेर.

दुसऱ्या महिन्यात मीच आधी बोलले, "हवंय हो त्याला काम."

"तो घरात असताना तुमच्या तोंडचं नाही घेणार."

"लय शहाणे तुम्ही. मी त्याची आई आहे."

"म्हणूनच नाही घेणार," ते म्हणाले, आणि आत वाकून तोच प्रश्न विचारला. प्रकाशनं भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या महिन्यात त्यानं दारच लावून घेतलं. सून पदरानं डोळे पुसत चुलीकडे गेली. मी बागुलभाऊंवर चिडले, "पोराला का छळता?" ते दाराशी गेले आणि फळीला सांगावं तसं बोलले, "प्रकाशभाऊ, माझंही कंत्राट संपायला आलंय. आत्तापासून विचारत फिरतोय. दोघांनी नाही म्हटलं. पण नाही ऐकायलासुद्धा घराबाहेर पडावं लागतं भाऊ, खाटेवर कोणी सांगायला येत नाही."

ते गेले. मला वाटलं, वाया गेलं.

चौथ्या खेपेला प्रकाश खोलीतून आपण होऊन बाहेर आला. मी तोंड उघडलं, तर बागुलभाऊंनी हात आडवा केला.

"मागच्या आठवड्याचं बोला."

"दालमिलमध्ये विचारलं. नाही म्हणाले. एमआयडीसीत दोन ठिकाणी विचारलं. तिथंही नाही."

"आणि मिळालं तर?"

प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं नाही. "उद्या जाईन."

बागुलभाऊंनी टॅबवर टिचकी मारली. "झाला बेरोजगार," म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. मुलगा बेरोजगार झाला म्हणून सून गूळ घेऊन आली, असं घर गल्लीत आमचंच असेल.

त्यानंतर बागुलभाऊ दिसले नाहीत. धुळ्याला गेले म्हणतात. काम मिळालं की नाही, कळलं नाही. प्रकाशलाही अजून मिळालेलं नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, संध्याकाळी नाही ऐकून येतो आणि चिडून जेवतो. पण जेवतो.

परवा शेजारच्या मथुराबाईनं पेपर वाचून दाखवला, बेरोजगारी वाढली म्हणे. "काय दिवस आले गं बाई!" ती हळहळली.

मी म्हटलं, "वाढली त्यात आमचा प्रकाश आहे. आधी तो तिथंही नव्हता."