साहेबांची खिडकी गोठली तेव्हा

माझं नेट पुन्हा तुटलं तेव्हा आमच्या पुण्याच्या साहेबांनी भर ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला सुनावलं होतं, "कोकणातलं नेट म्हणजे देवाच्या भरवशावर. पुढच्या महिन्यापासून इथे येऊन बस." बाकीचे हसले. कोण कोण हसलं ते मला अजून पाठ आहे.

मालवणात घरी मी आणि गुडघ्यांनी अडलेली आई. मी पुण्याला गेले तर तिला विहिरीवरून पाणी कोण आणून देणार? मेल्याला याची काय फिकीर!

दोष माझ्या नेटचा नव्हताच. आम्ही एका संगणकाच्या पोटात बरेच आभासी संगणक चालवतो आणि ते सगळे एका आभासी पुलावरून बाहेर जोडतो. तो पूल बांधणारी स्क्रिप्ट साहेबांची, आणि तीच त्यांच्याही संगणकावर. मी नवा आभासी संगणक सुरू केला की कधीकधी सगळंच नेट बंद पडायचं, आणि थोड्या वेळाने आपोआप यायचं.

आई म्हणाली, देवाक गाऱ्हाणा घालूया. मी चिडले होते, तरी गेले. गुरवाने नारळ ठेवला आणि म्हटलं, "बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या चेडवाच्या वायटार इलो आसा, तेचा करणा तेच्याच पदरात घाल." आई म्हणाली, "व्हय म्हाराजा." मी तिच्याहून मोठ्याने म्हटलं.

घरी येऊन हात धुतले आणि पुलामागे लागले. शेवटी सापडलं. पुलाला स्वतःचा कायमचा पत्ता दिलेलाच नव्हता. पत्ता म्हणजे एक आकडाच; जोडलेल्यांपैकी ज्याचा सगळ्यांत लहान, त्याचाच पत्ता पूल उचलायचा. त्याहून लहान पत्त्याचा नवा कोणी आला की पूल पत्ता बदलायचा आणि बाहेरचं राउटर नवा पत्ता कळेपर्यंत जुन्याच पत्त्यावर माल पाठवत बसायचं. भाडेकरू आला की घराची पाटी बदलावी, तसं.

साहेबांना फोन करून सांगता आलं असतं. का सांगू? हसले होते ना सगळे?

पुढच्या मीटिंगमध्ये मी नम्रपणे म्हटलं की सर, तुमच्याकडे नेट कधीच पडत नाही, तर मी पाठवलेला हा नवा आभासी संगणक तुम्हीच सुरू करून दाखवा. त्याला मी मुद्दाम सगळ्यांत लहान पत्ता दिला होता. साहेबांनी ऐटीत बटण दाबलं आणि "बघा, इकडे कसं" एवढं बोलून गोठले. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. मी कोणालाच काही बोलू दिलं नाही, नीट बघू दिलं.

ते परत आल्यावर मी विचारलं, "सर, पुण्यातलं नेट कुठल्या देवाच्या भरवशावर?"

मग स्क्रिप्टमधली त्यांची चूक आणि तिच्यावरचा उपाय मी सगळ्यांना मेल केला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला, आवाज लोण्यासारखा. पुण्याला यायची गरज नाही म्हणाले.

आई नारळ सोलत बसली होती. म्हणाली, "बरा झाला बाय. आता राग सोड."

मी म्हटलं, "राग खंय जातलो, आये? तोय हयच, आणि मीय हयच."