शिगोशीग मामी

साकोलीच्या आमच्या मामीनं भात वाढला की ताटापलीकडचा माणूस दिसेनासा व्हायचा. एकदा पंगतीत जावईबापू असे भातामागे हरवले, की मामा त्यांना पार बसस्टँडवर शोधून आले. धान मोजताना पायली शिगेपर्यंत भरायची, शीग ढासळू लागली की वर आणखी एक मूठ सोडायची, ही तिच्या माहेरची रीत. "सपाट माप दुश्मनाले द्यावं," म्हणायची. मामांचं किराणा दुकान. पण मामीला तिथं बसवायची त्यांची छाती नव्हती.

पुढे टीव्ही पाहून तिला केकचं वेड लागलं. कृती कपांत होती: मैदा दोन कप, साखर एक कप. मामीनं कप भरले ते नागझिऱ्याच्या डोंगरासारखे. शिट्टी काढलेल्या कुकरात, तापल्या वाळूवर भाजलेला तो केक सुरीला बधेना. मामांनी तो दुकानाच्या टेम्पोच्या चाकामागे लावला. उतारावरचा टेम्पो जागचा हलला नाही.

हसण्यावारी गेलं असतं. पण सिहोऱ्याला, लेकीच्या सासरी, नातवाचा पहिला वाढदिवस होता आणि मामीनं केक मीच आणीन असं विहीणबाईंना फोनवर सांगून टाकलेलं. विहीणबाई म्हणजे वरून गूळ, आतून बाभळीचा काटा. टेम्पोची गोष्ट त्यांच्या कानी गेलीच होती. "आणा नं," त्या म्हणाल्या, "बेकरीतूनही एक सांगून ठेवतो. लेकराईच्या दाताचा भरवसा नाही."

मामीचा चेहरा असा तापला की त्यावरच केक भाजला असता.

मी तेव्हा सुटीवर आलो होतो. म्हटलं, मामी, कप सोड, वजनानं घे. वजनाला शीग नसते. मामांनी दुकानातला काटा आणला. पण कपाचं वजन कळायला एकदा तरी कप सपाट भरायला हवा, आणि ते पाप मामी करेना. शेवटी मामांनीच सुरीच्या पाठीनं मैदा सारखा केला. मामी भिंतीकडे तोंड करून उभी, जणू मागे बोकड कापत होते.

मैदा भरला सव्वाशे ग्रॅम. त्याच कपात साखर, तर दोनशे.

"कप तोच, मंग वजन काहून दुसरं?" मामी मामांवर उखडली. "गिऱ्हाइकाले असंच फसवून राहिले का?"

मग तिनं स्वतःचा शिगेचा कप काट्यावर ठेवला. पावणेदोनशे. तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन कपांत मी जवळजवळ तिसरा घालून राहिलो होतो," ती हळूच म्हणाली.

वाढदिवसाच्या सकाळी अडीचशे ग्रॅम मैदा मोजून झाला आणि मामीचा उजवा हात आपोआप डब्यात गेला. भरली मूठ भांड्यावर येऊन अडली. महामार्गावरचे ट्रकसुद्धा थांबले असावेत.

"टाक," मामा शांतपणे म्हणाले. "टेम्पोच्या दुसऱ्या चाकालेही पाहिजेच."

मूठ डब्यात परत गेली. राग मात्र आमच्या ताटातल्या भातावर निघाला.

सिहोऱ्यात केक कापसासारखा कापला गेला. विहीणबाईंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. तिसरा आमच्याकडे पाठ करून. बेकरीचा खोका उघडलाच नाही. निघताना त्या मामीला कोपऱ्यात घेऊन कृती विचारू लागल्या. मामी अशी फुलली, की टेम्पोत मामांना बसायला जागा उरली नाही.

मामी आता नाही. यंदा नातवाच्या वाढदिवसाला मी सिहोऱ्याला गेलो, तेव्हा विहीणबाई नाकावर चष्मा चढवून काट्यापुढे मैदा मोजत बसल्या होत्या. मी गमतीनं म्हटलं, टाका नं थोडा वर. त्यांनी माझा हात झटकला.

"सरक तिकडं. माझ्या विहिणीचं माप आहे."